भाडे रेल्वेचे, परवानगी सरकारची

५ मे २०२२ पासून मुंबईच्या एसी लोकलचे एकेरी तिकीट जवळजवळ निम्म्या किमतीत मिळू लागले. पाच किलोमीटरपर्यंतचे किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० रुपयांवर आले. साध्या लोकलमधल्या फर्स्ट क्लासचे एकेरी तिकीटही उतरले. पासाचे दर मात्र होते तेच राहिले. नालासोपाऱ्याच्या फलाटावर या बातमीचा अर्थ सरळ होता: रोजच्या पासवाल्याला काही फरक नाही, कधीमधी जाणाऱ्याने एसीत बसून पाहायला हरकत नाही. तिकिटाचे सॉफ्टवेअर ज्याच्या गळ्यात असते त्याला हीच बातमी वेगळी ऐकू येते. एकेरीचा दर बदला पण पासाला हात लावू नका. एसी आणि फर्स्ट बदला, सेकंडला धक्का नको. आणि हे सगळे ठरल्या तारखेच्या पहिल्या तिकिटापासून, कारण पहिली लोकल कुणासाठी थांबत नाही.

विरारहून भरूनच आलेल्या गाडीत नालासोपाऱ्याला घुसून अंधेरी, गोरेगाव, मालाडची ऑफिसे गाठणाऱ्यांत सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी थोडीथोडकी नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत त्यांना एक प्रश्न हमखास आलेला असतो: सॉलिड प्रिन्सिपल्स कोणती? उत्तरही पाठ असते. पाच अक्षरे, पाच नावे आणि उदाहरणाला चौरस-आयत, नाहीतर कुत्रा-मांजर. या उदाहरणांची अडचण अशी की आयताचा नियम बदलल्याचे परिपत्रक कधी निघत नाही. लोकलच्या तिकिटाचे निघते, आणि पुन्हा पुन्हा निघते. कोडच्या रचनेची ही पाचही तत्त्वे बदलाबद्दल आहेत: बदल कुणाकडून येतो आणि आला की कोडमध्ये किती लांबवर पसरतो. म्हणून ती समजून घ्यायला तिकीट बरे.

रेल्वेची खरी तिकीट प्रणाली ‘क्रिस’ ही १९८६ साली स्थापन झालेली रेल्वेचीच संस्था सांभाळते. इथे जी रचना येईल ती तिची नाही. आपण सरावासाठी स्वतःची छोटी प्रणाली मांडतो आहोत. फक्त तिच्यावर येऊन आदळणारे नियम खरे घेऊ.

त्याआधी या तत्त्वांची थोडी वंशावळ. ती एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाहीत. नव्वदच्या दशकात अमेरिकेतले प्रोग्रॅमर रॉबर्ट मार्टिन यांनी त्यांतली बहुतेक लेखांमधून मांडली आणि २००० सालच्या एका निबंधात एकत्र आणली. सगळीच त्यांची होती असेही नाही. दुसरे तत्त्व बर्ट्रांड मायर यांच्या १९८८ च्या पुस्तकातले. तिसऱ्याचे मूळ बार्बरा लिस्कोव्ह यांच्या १९८७ च्या भाषणात. पाच तत्त्वांचा क्रम लावला तर आद्याक्षरांतून ‘सॉलिड’ असा शब्द बनतो, हे २००४ च्या सुमारास मायकेल फेदर्स यांनी दाखवले. मुलाखतीतला प्रश्न तिथून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. नाव लक्षात राहिले की प्रश्न विचारणे सोपे जाते.

आता आपली प्रणाली. पहिल्या दिवशी आपण एकच क्लास लिहितो:

क्लास तिकीट
    भाडे_काढ()
    देता_येईल_का(प्रवासी, वेळ)
    पैसे_घे(माध्यम)
    छाप()

दिसायला नेटका आहे. तिकिटाचे सगळे तिकिटात. माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवा असे कॉलेजातही शिकवलेले असते. या क्लासला आता मार्च २०२० नंतरचे दीड वर्ष दाखवू.

मार्च २०२० च्या अखेरीस लोकल बंद झाल्या. १५ जून २०२० पासून पुन्हा धावल्या, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. २१ ऑक्टोबरपासून महिलांना प्रवासाची मुभा मिळाली, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना परवानगी: पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ ते शेवटच्या गाडीपर्यंत. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि दारे पुन्हा बंद झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. नालासोपाऱ्याच्या लोकांना ही यादी वाचायची गरज नाही. त्या काळात त्यांनी एसटीच्या रांगा धरल्या, हायवेवरून जे वाहन मिळेल ते पकडले, आणि आपण नेमके कोणत्या यादीत बसतो हे दर महिन्याला नव्याने विचारले.

या सगळ्या काळात भाड्याचा तक्ता बदलला नाही. बदलत होते ते फक्त ‘देता येईल का’. आणि तो बदल सांगणारे रेल्वेचे लोक नव्हते. कुणाला प्रवासाची परवानगी द्यायची हे राज्य सरकार ठरवून कळवत होते आणि रेल्वे त्यानुसार तिकीट देत होती. म्हणजे आपल्या एका क्लासला दोन मालक होते. भाडे दिल्लीतून ठरते, त्या काळातली परवानगी मंत्रालयातून. पैसे घेण्याचे नियम तिसरीकडून येतात, कारण यूपीआय कसे चालेल हे ठरवणाऱ्या संस्थेचा रेल्वेशी संबंध ग्राहकापुरताच.

एका क्लासला अनेक मालक असले तर बिघडते काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आपल्या क्लासमध्ये एक आतली मेथड आहे असे समजा, ‘प्रवाशाचा_गट’. ती विचारलेल्या प्रवाशासाठी एकच उत्तर देते: विद्यार्थी, मूल, महिला, किंवा सर्वसाधारण. भाडे काढताना ती वापरतात, कारण मुलाला अर्धे तिकीट आणि विद्यार्थ्याला पासात सवलत. परवानगी तपासतानाही तीच वापरतात, कारण ती हाताशी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये घाईघाईने कुणीतरी त्या मेथडच्या सुरुवातीला एक ओळ घालतो: दोन डोस झाले असतील तर गट ‘लसीकृत’. परवानगीचे काम चोख होते. चाचणीही त्याच कामाची होते आणि पास होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजचे पत्र घेऊन विद्यार्थी पास काढायला येतो. त्याचे दोन्ही डोस झालेले आहेत, म्हणून मेथड ‘लसीकृत’ म्हणून मोकळी होते. ‘विद्यार्थी’ या उत्तरापर्यंत पोचतच नाही. सवलत गेली. ज्याने ओळ घातली त्याने भाड्याच्या कोडला स्पर्शही केलेला नाही, आणि खिडकीवरचा क्लार्क शपथेवर सांगेल की सवलतीचा नियम कुणी बदललेला नाही. दोघेही खरे बोलत आहेत.

पहिले तत्त्व, एकच जबाबदारी, या अपघातावरचा उपाय आहे. त्याची जुनी व्याख्या ‘क्लास बदलायला एकच कारण असावे’ अशी होती. ही व्याख्या इतकी सैल आहे की तिच्या नावाखाली लोकांनी एकेका मेथडचा एकेक क्लास करून ठेवला. मार्टिन यांनी २०१७ च्या ‘क्लीन आर्किटेक्चर’ या पुस्तकात ती नीट केली: एका मोड्यूलने एकाच मागणीकर्त्याला उत्तरदायी असावे. मागणीकर्ता म्हणजे माणसांचा असा गट, ज्याच्या सांगण्यावरून कोड बदलतो. मला स्वतःला पाचातले सर्वांत उपयोगी वाक्य हेच वाटते, कारण याचे उत्तर कोडकडे पाहून मिळत नाही. कंपनीत कोण कुणाला मेल पाठवतो हे पाहून मिळते. आपल्या प्रणालीत भाडे, परवानगी आणि पैसे यांचे तीन वेगळे क्लास होतील. प्रत्येकाला प्रवाशाबद्दल जे विचारायचे ते तो आपले आपण विचारेल. ‘प्रवाशाचा गट’ दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिला जाईल. एकच कोड दोनदा लिहू नये, हा दुसरा पाठ केलेला नियम इथे आडवा येतो. त्याला बाजूला सारावे. दोन कोड आज सारखे दिसतात म्हणून ते एक नसतात. उद्या ते वेगवेगळ्या लोकांच्या सांगण्यावरून बदलणार असतील तर आजच वेगळे ठेवलेले बरे.

दुसरे तत्त्व मायर यांचे: कोड विस्ताराला खुला, बदलाला बंद असावा. ऐकायला हे कोड्यासारखे वाटते. याचा अर्थ कळायला २५ डिसेंबर २०१७ ही तारीख पुरते. त्या दिवशी बोरिवलीहून चर्चगेटला देशातली पहिली एसी लोकल धावली. तोपर्यंत लोकलला प्रवासाचे दोनच दर्जे होते. दोन दर्जे असताना कोड असा लिहिला जातो:

जर दर्जा = सेकंड तर …
नाहीतर …

हा ‘नाहीतर’ घातक आहे. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ फर्स्ट क्लास असतो, कोडच्या लेखी त्याचा अर्थ ‘सेकंड नसलेले काहीही’. तिसरा दर्जा आला की तो गुपचूप फर्स्ट क्लास बनतो आणि कुठेही एरर येत नाही. शिवाय ही शिडी एकाच ठिकाणी नसते. भाडे काढताना, तिकिटावर दर्जाचे नाव छापताना, टीसीच्या मशीनवर तपासताना, महिनाअखेरीच्या अहवालात, अशी ती पाच-सहा जागी उभी असते. पाच ठिकाणी तिसरी पायरी घातली जाते, सहावी राहते. ती नेमकी कोणती हे ग्राहक सांगतो.

यावरचा उपाय म्हणजे ‘दर्जा’ हा इंटरफेस करणे. प्रत्येक दर्जाने आपले भाडे, आपले छापील नाव आणि आपले तिकीट कोणत्या डब्यात चालेल हे स्वतः सांगायचे. एसी आली की एसीचा नवा क्लास लिहायचा आणि यादीत नोंदवायचा. भाडे, छपाई, तपासणी, अहवाल यांचा जुना, तपासून घट्ट झालेला कोड उघडायची गरज नाही. तो बंद, यादी खुली.

पण इथेच दोन खड्डे आहेत. पहिला लहान. ६५ चे ३० होणे हा कोडमधला बदल नव्हेच. तो तक्त्यातला आकडा आहे, आणि आकडा बदलायला नवा क्लास लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. जे तक्त्यात मावते ते तक्त्यात ठेवावे, सोबत ‘या तारखेपासून लागू’ असा रकाना ठेवावा, बस.

दुसरा खड्डा खोल आहे. एसी लोकल सुरू झाली तेव्हा तिचे एकेरी मूळ भाडे फर्स्ट क्लासच्या मूळ भाड्याच्या १.३ पट ठरले होते, सुरुवातीच्या सहा महिन्यांसाठी १.२ पट. मासिक पास दहा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका. कोणताही हुशार प्रोग्रॅमर हे वाचून सूत्र लिहील: पास म्हणजे दहा गुणिले एकेरी. २०१७ मध्ये हे सूत्र अचूक होते. ५ मे २०२२ ला एकेरी उतरले आणि पास जागच्या जागी राहिला. ज्याने सूत्र लिहिले असेल त्याच्या प्रणालीत एकेरीचा आकडा बदलताच पासही निम्मा झाला असता, आणि नालासोपाऱ्याच्या खिडकीवर त्या दिवशी जी रांग लागली असती ती तुळिंज पोलीस ठाण्यापर्यंत गेली असती.

म्हणजे काय ‘खुले’ ठेवायचे हे आधी ओळखता येते का? बऱ्याचदा नाही. २०१७ मध्ये बसून २०२२ चे परिपत्रक कुणालाच वाचता आले नसते. मायर यांचे तत्त्व शब्दशः घेतले तर प्रत्येक ओळीभोवती इंटरफेस उभारावा लागेल. माझे मत असे की पहिला बदल अंगावर घ्यावा. जिथून एकदा बदल आला तिथून पुन्हा येतो, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. तेव्हा एसीचा तिसरा दर्जा आल्यावर दर्जा खुला करा. त्याआधी दोन ओळींचा ‘जर’ चालेल. फक्त तो ‘नाहीतर’ नको. ‘जर फर्स्ट’ असे लिहा आणि उरलेल्यावर एरर द्या.

तिसरे तत्त्व लिस्कोव्ह यांचे. कॉम्प्युटर क्षेत्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना २००८ सालासाठी मिळाला. मूळ प्रकार जिथे चालतो तिथे त्याचा उपप्रकार ठेवला तर वापरणाऱ्याचा अपेक्षाभंग होऊ नये, हे त्यांचे म्हणणे. १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्याबरोबरच्या निबंधात त्यांनी ते गणिताच्या काटेकोरपणे मांडले. लोकलमध्ये हे तत्त्व पुस्तकापेक्षा स्वच्छ दिसते. एसीचा पास असलेला माणूस साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये बसू शकतो. फर्स्ट क्लासचा पासवाला गर्दी पाहून सेकंडच्या डब्यात चढला तर टीसी त्याला काही म्हणत नाही. सेकंडच्या डब्यात टीसीची अपेक्षा एवढीच असते की समोरच्याकडे इथे चालणारे तिकीट आहे. वरच्या दर्जाचा पास ती अपेक्षा मोडत नाही. एसी फर्स्टच्या जागी चालते, फर्स्ट सेकंडच्या जागी चालते. उलटे चालत नाही, आणि उलटे केल्यास दंड होतो.

आता मोडणारे उदाहरण. प्लॅटफॉर्म तिकीट. नावात तिकीट आहे, त्याच खिडकीवर मिळते, दहा रुपयांना, दोन तास चालते. साहजिकच कुणीतरी ‘प्लॅटफॉर्मतिकीट’ हा ‘तिकीट’चा उपक्लास करतो; किंमत, वेळ, छपाई सगळे आयते मिळते. पण ‘तिकीट’मध्ये ‘अंतर()’ आणि ‘गंतव्य()’ या मेथडही आहेत. प्लॅटफॉर्म तिकिटाला गंतव्य नसते. मग तिथे काय द्यायचे? कुणी शून्य अंतर देतो, कुणी नालासोपारा ते नालासोपारा, कुणी ‘ही मेथड चालत नाही’ अशी एरर फेकतो. तिन्ही वाईट. शून्य अंतर दिले की दिवसभराच्या अहवालात ‘सरासरी प्रवास’ घसरतो, कारण आप्तांना सोडायला आलेले सगळे प्रवासी म्हणून मोजले जातात. एरर फेकली तर अहवाल मध्यरात्री कोसळतो. आणि मग अहवाल लिहिणारा आपल्या कोडमध्ये घालतो: ‘जर हे प्लॅटफॉर्म तिकीट असेल तर वगळ’. ही ओळ दिसली की समजावे, लिस्कोव्ह यांचे तत्त्व मोडले आहे. उपप्रकार वापरणाऱ्याला त्याचे खरे नाव विचारावे लागत असेल तर तो उपप्रकार नव्हे.

दुरुस्ती अवघड नाही. ‘विक्रीची_पावती’ हा वरचा प्रकार: किंमत, वेळ, छपाई. त्याच्या खाली दोन भावंडे, ‘प्रवासतिकीट’ आणि ‘प्लॅटफॉर्मतिकीट’. अंतर फक्त पहिल्याला. मुंबईत पर्यटकांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचे तिकीटही असते. त्यात कितीही वेळा कुठेही जाता येते, म्हणजे त्यालाही एक ठरलेले अंतर नाही. तेही तिसरे भावंड. खिडकीवर सगळे ‘तिकीट’च म्हणतात, म्हणून कोडमध्ये सगळ्यांचा बाप एक असलाच पाहिजे असे नाही.

चौथे तत्त्व, इंटरफेस वेगळे ठेवण्याचे, याबद्दल लांबण लावण्यासारखे फारसे नाही. मार्टिन यांना ते झेरॉक्स कंपनीत सल्लागार असताना सुचले. तिथल्या छपाईयंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जॉब’ नावाचा एकच अवाढव्य क्लास होता. छापणारा, पिना मारणारा, सगळे त्याच्यावर टेकलेले. पिना मारण्यात काही बदलले की छपाईचे कोडही पुन्हा बांधावे लागे आणि त्यात तासभर जाई. त्यांनी प्रत्येक कामाला हवा तेवढाच इंटरफेस दिला.

आपल्याकडे तिकीट तीन वाटांनी निघते: खिडकी, एटीव्हीएम यंत्र आणि मोबाईलचे ॲप. तिघांसाठी ‘तिकीटकेंद्र’ असा एक मोठा इंटरफेस केला तर त्यात काय काय येईल पाहा. पाळी संपताना रोख मोजणे. हे फक्त खिडकीला. कागदाचे रीळ संपले का. ॲपला याचे काय? प्रवासी रुळांपासून किती दूर आहे. हे फक्त ॲपला, कारण टीसी दिसताच फलाटावर उभ्या उभ्या तिकीट काढायची सोय नको म्हणून कागदविरहित तिकिटाला अंतराची अट आहे.  मोठा इंटरफेस असेल तर खिडकीच्या क्लासलाही ‘रुळांपासून अंतर’ लिहावे लागेल आणि बिचारा तिथे काहीतरी खोटा आकडा देईल. म्हणून ‘तिकीट देणारा’ हा एक छोटा इंटरफेस तिघांना, ‘रोख सांभाळणारा’ फक्त खिडकीला, ‘कागदावर छापणारा’ खिडकी आणि एटीव्हीएमला, ‘ठिकाण सांगणारा’ ॲपला. अंतराची अट उद्या बदलली तर खिडकीच्या कोडला त्याचा पत्ताही लागायला नको.

पाचवे तत्त्व, अवलंबित्व उलटण्याचे, सांगायला अवघड आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त वेळ वाचवणारे. वरच्या पातळीवरच्या धोरणाने खालच्या पातळीवरच्या यंत्रणेवर विसंबू नये. दोघांनी मधल्या करारावर विसंबावे. तिकीट द्यावे की नाही, किती पैशांना, कधीपर्यंत, हे धोरण. पैसे यूपीआयने आले की स्मार्ट कार्डातून, हा तपशील. पूर्वी कूपने पंच करायची यंत्रे होती. ती गेली, स्मार्ट कार्डे आली. २०१६ मध्ये यूपीआय आले. १ जुलै २०२५ ला ‘रेलवन’ हे ॲप आले. तिकिटाचा नियम त्या मानाने म्हातारा आणि स्थिर. मग स्थिर कोडमध्ये कुठल्या पेमेंट कंपनीचे नाव यावेच कशाला?

इतके बहुतेक लोक करतात. ‘पैसेघेणारा’ असा इंटरफेस लिहितात. पण तो इंटरफेस कुणाचा हा प्रश्न विचारत नाहीत. पेमेंट कंपनीने दिलेल्या लायब्ररीतलाच इंटरफेस उचलून वापरला तर त्यात त्यांच्याच मेथड, त्यांचेच एरर कोड, त्यांचीच ‘व्यापारी क्रमांक’ची भानगड. कंपनी बदलली की तिकिटाचा कोड बदलला. इंटरफेस तिकिटाच्या बाजूने, तिकिटाच्या भाषेत लिहायचा: ‘एवढे रुपये घे, मिळाले की सांग, नाही मिळाले तर का ते सांग’. मग कंपनीच्या लायब्ररीने त्यात बसायचे, किंवा आपण मधे एक जोडक्लास लिहायचा. तत्त्वाच्या नावात ‘उलटणे’ आहे ते यासाठी: खालचा वरच्याच्या अटींवर येतो.

याच तत्त्वाचा दुसरा उपयोग पैशांपेक्षाही मोलाचा, आणि तो म्हणजे घड्याळ. चर्चगेटहून रात्री साडेअकरानंतर सुटलेली विरार लोकल नालासोपाऱ्याला पोचेपर्यंत तारीख बदललेली असते. एखाद्याचा मासिक पास ३१ तारखेला संपतो. तो ३१ ला रात्री चढला, १ तारखेला बारा चाळीसला उतरला. पास चालला की नाही, हा नियम ठरवणाऱ्याने ठरवायचा. प्रोग्रॅमरचे काम एवढेच की जे ठरेल ते कोडमध्ये तपासून दाखवता आले पाहिजे. कोडच्या पोटात थेट ‘आत्ताची_वेळ()’ लिहिली असेल तर तपासणाऱ्याला दोनच पर्याय: मध्यरात्रीपर्यंत जागायचे किंवा संगणकाची तारीख बदलायची. दुसरा पर्याय निवडणाऱ्यांनी सर्व्हरवर काय गोंधळ घातले आहेत याचे किस्से प्रत्येक ऑफिसात मिळतील. त्याऐवजी ‘घड्याळ’ हा इंटरफेस बाहेरून द्यायचा. प्रत्यक्षात खरे घड्याळ. चाचणीत आपण सांगू ती वेळ दाखवणारे.

घड्याळ = ठराविक(३१ तारीख, रात्री ११:५०)
पास.चालेल_का(घड्याळ) → हो
घड्याळ = ठराविक(१ तारीख, रात्री १२:४०)
पास.चालेल_का(घड्याळ) → ?

ते प्रश्नचिन्ह जागेवरच राहू द्यावे आणि ज्याचा नियम आहे त्याला दाखवावे. अनेकदा या एका चाचणीमुळे पहिल्यांदा लक्षात येते की नियम कुणी लिहिलेलाच नाही.

सॉलिडवर टीका करणारेही आहेत आणि त्यांचे ऐकावे. डॅन नॉर्थ यांनी तर त्याला पर्याय म्हणून ‘क्युपिड’ नावाचे वेगळेच पाच गुण सुचवले. मला जो आक्षेप पटतो तो असा: ही तत्त्वे कोड लिहायच्या आधी लावली की कोड फुगतो. तीन पानांत मावणारा प्रोग्रॅम तीस फायलींत पसरतो, प्रत्येक इंटरफेसला एकच क्लास, आणि नवा माणूस भाडे कुठे काढले जाते हे शोधत दिवसभर फिरतो. नालासोपाऱ्यातल्या एखाद्या किराणा दुकानाचे बिल बनवायचे असेल तर यातले निम्मेही लागणार नाही. घड्याळ तेवढे बाहेरून द्या, कर तक्त्यात ठेवा. २०१७ ला जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे टप्पे बदलले, पुढेही बदलतील. बाकी सरळ लिहिले तरी दुकान चालेल.

मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना एक सांगणे. पाच नावे पाठ करा, ती विचारली जातात. पण त्यानंतर आपल्याच प्रोजेक्टची गिटमधली जुनी नोंद उघडा आणि गेल्या वर्षात सर्वांत जास्त वेळा बदललेली फाईल शोधा. तिच्यातला प्रत्येक बदल कुणाच्या सांगण्यावरून झाला हे बाजूला लिहा: हिशेब विभाग, विक्री, कायदा, बँक. दोनपेक्षा जास्त नावे आली तर आधी ती फाईल फोडा. बाकीच्यांना सध्या हात लावू नका.